मधली रेघ

१

मंगळवारी गिरणीचा बाराचा भोंगा झाला, तेव्हा गौरम्मा माडीवर बसूचं दूध पाजायचं बोंडलं उकळत्या पाण्यातून चिमट्यानं काढत होती. स्टो नीट पेटला नव्हता, म्हणून उशीर झालेला. उशीर झाला की ती स्वतःवरच चिडायची. दहा महिन्यांच्या पोराला दूध दहा मिनिटं उशिरा मिळालं म्हणून आभाळ कोसळत नाही, हे तिला कळत होतं. पुण्याच्या कॉलेजात तीन वर्षं काढलेल्या बाईला एवढं कळायलाच हवं. पण कळणं वेगळं आणि चिडणं वेगळं.

भोंगा थांबला आणि खाली परसात बसू किंचाळला.

त्याचं भुकेचं रडणं तिला ठाऊक होतं, झोपेचं होतं, दातांचंही होतं. हे त्यातलं कुठलंच नव्हतं. बोंडलं तिथंच टाकून ती जिना उतरली, सोपा ओलांडला, रिकाम्या स्वयंपाकघरातून धावत मागच्या दाराशी आली.

दगडी पायरीवर मायाक्का बसली होती. मांडीवर बसू. मायाक्काच्या तोंडातून रक्त गळत होतं आणि त्याचे थेंब बसूच्या पांढऱ्या टोपड्यावर पडत होते.

गौरम्मानं आधी पोर उचललं. डोकं पाहिलं, हात पाहिले, पाय पाहिले, पुन्हा डोकं पाहिलं. ओरखडासुद्धा नव्हता. मग कुठं तिला मायाक्काकडं बघायची शुद्ध आली, आणि तेवढ्या उशिराची लाजही वाटली.

"काय झालं गं?"

"काय न्हाय बाई. पायरीवरनं घसरले."

"तोंड उघड बघू."

वरचा पुढचा दात अर्धा तुटला होता. ओठ आतून फाटला होता. गौरम्मानं मिठाच्या कोमट पाण्याच्या चुळा भरायला लावल्या, स्वच्छ फडकं ओठाला दाबून धरायला दिलं. हे सगळं ती शिकलेली होती. कॉलेजात प्रथमोपचाराचा वर्ग असे, त्याची चौकटीतली सनद माडीवर टांगलेली होती आणि तिच्याखाली काळा पत्र्याचा डबा. नवी पेठेतली अर्धी बायकामंडळी त्या डब्यावरून तिला 'डॉक्टरीणबाई' म्हणून हिणवायची.

मायाक्का माळशिरसकडची, धनगराची. माघात गौरम्माला ताप आला, दूध आटलं, आणि बसू वाळायला लागला, तेव्हा तिला ठेवली. गौरम्मानं पाजायला घेतलं की पोर तिच्या अंगाशी धडपडायचं, रडायचं, मग तीही रडायची. म्हणून शेळीचं दूध उकळून बोंडल्यात भरून ती मायाक्काच्या हाती द्यायची आणि मायाक्का परसात बेलाखाली बसून पाजायची. तिथं तो गुपचूप पीत असे.

"हे काय आणि नवीन?" मागून आवाज आला. सासूबाई शांतम्मा देवघरातून आल्या होत्या. उजवा हात पदरात गुंडाळलेला. "आज वारच खोटा दिसतोय. मी विळीवर बोट कापून घेतलं, ही तोंड फोडून घेते."

"पडली म्हणते, अत्ती."

"पडली? पोर घेऊन पडली?" त्यांनी मायाक्काकडं पाहिलंही नाही. "असली बाई मला घरात नको. शुक्रवारी हिचा नवरा येईल, जाऊ दे त्याच्याबरोबर. चल, वाढून घे. कडक भाकरी आहे, शेंगाची चटणी आहे. बाजाराच्या दिवशी कोण चूल पेटवतंय."

त्या आत गेल्या. मायाक्कानं पदर घट्ट ओढून घेतला. ओढताना तिच्या चोळीच्या गाठीचं एक टोक बाहेर लोंबलं. गाठ सुटलेली होती.

गौरम्मा पायरीवर वाकून दाताचा तुकडा शोधू लागली. पायरीवर नाही, खालच्या फरशीवर नाही, मातीतही नाही. सकाळीच शेणानं सारवलेली जमीन, मोहरी पडली असती तरी दिसली असती. तिनं मायाक्काचे तळवे उलटे करून पाहिले. पडणारा माणूस आधी हात टेकतो. तळव्यांना साधी धूळ नव्हती.

आणि टोपड्यावरचे थेंब? ते वरून, सरळ पडले होते. रक्त निघालं तेव्हा मायाक्का बसलेली होती.

ती पडली नव्हती. कुणीतरी तिच्या तोंडावर मारलं होतं, आणि तेव्हा बसू तिच्या मांडीवर होता.

२

"त्या वेळी घरात कोण होतं?" गौरम्मा रात्रंदिवस हेच घोळवत राहिली असती, पण बसून राहणं तिच्या स्वभावात नव्हतं. संध्याकाळच्या आत तिनं हिशेब लावला. नवरा पंचाक्षरी मुंबईला सूत घ्यायला गेलेला, पुढच्या आठवड्यात यायचा. मंगळवार म्हणून मागशाळा बंद, कारागीर बाजारात. उरले दोन पुरुष. धाकटा दीर संगप्पा, आणि मायाक्काचा नवरा येडू. तो घोंगड्या विकायला बाजारात आला होता आणि अकराच्या सुमाराला परसात डोकावून गेला होता.

येडूचं तिला फारसं भय वाटलं नाही. भय वाटलं ते चोळीच्या सुटलेल्या गाठीचं. बावीस वर्षांचा दीर, तालमीत जाणारा, बिनलग्नाचा.

त्याच वेळी वर्गातल्या म्हाताऱ्या डॉक्टरांचं बोलणं तिला आठवलं. ते टेबलावर मूठ आपटून सांगायचे, "मुलींनो, कुत्र्याच्या दातापेक्षा माणसाच्या दाताला भ्या. आणि प्रत्येक चावा चावून होत नाही. मारामारीत ज्याच्या मुठीला समोरच्याचा दात लागतो, तोही चावाच. जखम एवढीशी, पण दातावरची घाण थेट सांध्यात. तो गडी लाजेनं सांगत नाही, आणि चौथ्या दिवशी त्याचा हात सांगतो."

म्हणजे दात तुटेपर्यंत ज्यानं मारलं, त्याच्या मुठीची कातडी शाबूत राहिलेली नसणार. मायाक्का बोलली नाही तरी चालेल. हात बोलेल.

संगप्पा मागशाळेत नव्या मागाशी झटत होता. उजव्या हाताला चिंधी.

"भाऊजी, हाताला काय झालं?"

"मागाचा धोटा उडाला की वैनी. सुटला तो बोटांवर."

"आज तर माग बंद."

"बंद म्हणूनच दुरुस्ती. चालू मागाची दुरुस्ती तुमच्या कॉलेजात शिकवत असतील, आमच्याकडं न्हाय." तो हसला. "का, डबा आणला काय? आणा. लाल औषध लावा, पिवळं लावा, मेल्यावर पांढरं लावा."

"चिंधी सोडा."

त्यानं कुरकुरत सोडली. बोटांची पेरं निळी पडली होती, सुजली होती. पण कातडी कुठंच फुटली नव्हती. तिनं उजेडात धरून दोनदा पाहिलं, आणि छातीवरची धोंड उतरल्यासारखी ती मागाच्या फळीवर बसली.

"एवढं काय बघताय? हात मागायला आलेत काय कुणी?"

"भाऊजी, दुपारी परसातून काही ऐकू आलं?"

संगप्पाचं हसू ओसरलं. "ऐकलं. येडू आणि मायाक्का भांडत होते. पोरीवरनं कायतरी. त्यांची पोर हाय न्हवं माळशिरसला, आजीकडं." त्यानं चिंधी पुन्हा गुंडाळली. "'तोंड फोडीन,' असं म्हणाला येडू. माझ्या कानांनी ऐकलं."

३

बुधवारी बसूनं दूध तोंडात घेतलं नाही. बोंडलं लावलं की मान फिरवायचा, थुंकायचा, दोन घोट गेले तर ओकायचा. गौरम्मानं दूध बदललं, पाणी घातलं, साखर घातली. मायाक्का सुजलेल्या तोंडानं त्याला कडेवर घेऊन फिरत होती. तो तिच्या छातीशी डोकं घुसळत होता आणि ती त्याला पुन्हा पुन्हा खांद्यावर चढवत होती.

"दात येत्यात बाई," ती म्हणाली.

"ते मला कळतं. तुला मारलं कुणी, ते सांग."

"पडले की."

"येडूनं?"

मायाक्कानं मान खाली घातली. "त्यो बोंबलतो लई. हात न्हाय उचलत."

"मग कुणी?"

"बाई, तुमच्या पाया पडते. शुक्रवारी मी जाते. पोराला तेवढी नाचणीची पेज चालू करा."

मागच्या दाराशी काळी मांजरी कालपासून ओरडत होती. बारा वाजले की दाराला अंग घासायची आणि घसा फाडून म्याव म्याव करायची. एवढी गुबगुबीत मांजर, आणि हिला काय कमी पडलं? गौरम्मानं तिला दोनदा हुसकावलं.

सासूबाई दिवसभर देवघरातच. बोट दुखतंय म्हणून भाकरी थापायचं काम गौरम्माकडं आलं होतं. तिच्या भाकऱ्या पाहून शांतम्मा म्हणाल्या, "ही कुठल्या देशाची भाकरी म्हणायची? नकाशा झालाय नुसता." एरवी या बोलण्यावर त्या स्वतःच हसल्या असत्या. आज हसल्या नाहीत, जेवल्याही नाहीत. कपाळावरची विभूती घाईत ओढल्यासारखी विस्कटलेली. डॉक्टरांनी लघवीतल्या साखरेपायी गूळ बंद केल्यापासून त्या अशाच किरकिऱ्या झाल्यात, असं गौरम्मानं मनाशी म्हटलं आणि ती पुन्हा बसूकडं वळली.

"अत्ती, बोटाला औषध लावून देऊ?"

"ब्याड, नको. तुझं औषध तुझ्या पोराला. मी विभूती भरलीय. गुरूंचा प्रसाद आहे तो."

गुरुवारी तिनं बसूला दुकानातल्या सुताच्या तागडीत घातलं. दर मंगळवारी घालायची. सुताच्या रतलाची वजनं पोराला लावते म्हणून संगप्पा चिडवायचा. वहीत आकडे होते: माघात साडेतेरा रतल, मग चौदा, पंधरा, साडेसोळा. एकेक आकडा लिहिताना तिला आपणच काही जिंकल्यासारखं वाटलं होतं. समोर खाडाखोड नसलेल्या अक्षरात 'शेळीचं दूध, सहा वेळा'.

तागडी आज पावणेसोळावर थांबली.

दोन दिवसांत पाऊण रतल. तिनं पोर उचलून पुन्हा ठेवलं. आकडा तोच. शेळी तीच, दूध तेच, बोंडलं तेच. मंगळवारी दुपारी या घरात फक्त एक दात तुटला नव्हता. आणखी काहीतरी तुटलं होतं, आणि त्याच्यापायी तिचं पोर उपाशी होतं.

४

शुक्रवारी नऊच्या उन्हातच येडू आला. खांद्यावर घोंगडी, डाव्या हाताला मळकं फडकं करकचून बांधलेलं.

गौरम्मा पुढं झाली. "हाताला काय झालंय?"

"कातर लागली वैनीसायब. वळसंगच्या रानात मेंढरं कातरतोय."

"सोड ते फडकं."

"जखम काय बगायची..."

"सोड म्हणते!"

त्यानं सोडलं. तळव्यावर आडवा, सरळ काप. मुठीच्या बाहेरच्या बाजूला, पेरांवर काहीच नाही. उजवा हातही तिनं पाहिला. राठ, तेलकट, धड. कातर उजव्या हातात धरणाऱ्याचा डावाच तळवा कापणार. तिनं लाल औषधाच्या पाण्यानं तो धुतला, सैल पट्टी बांधली आणि विचारलं, "मंगळवारी 'तोंड फोडीन' कुणाला म्हणालास?"

"बिरप्पाला! माज्या मेव्हण्याला. त्यानं माजी दोन कोकरं हरवली. हिचा भाऊ म्हणून हिच्यापाशी बोंबललो." मग त्याच्या ध्यानात आलं. "व्हय व्हय, तुमाला काय वाटलं? मी मारलं हिला? मारायचं आसतं तर दुसऱ्याच्या परसात येऊन मारलं आसतं व्हय? आन हिला मारून मी जाऊ कुटं? ही माज्यापेक्षा दांडगी हाय."

पायरीवर बोचकं बांधत बसलेल्या मायाक्काला त्या सुजल्या ओठांनीही हसू फुटलं.

"भांडण पोरीवरून पण झालं ना?"

येडू गंभीर झाला. "झालं. बाळाबाई वरसाची न्हाय अजून. तितं आजीपाशी पेज पिती. आन हितं हिचं..."

"गप ऱ्हावा!" मायाक्का कडाडली.

येडूनं घोंगडी खांद्यावर सावरली. वाक्य मात्र हवेत लोंबत राहिलं. हितं हिचं काय?

"निघू दे आता," मायाक्का उठली. "थोरल्या बाईंच्या पाया पडते लांबनं."

गौरम्मा सासूबाईंना सांगायला देवघराशी गेली. दार लोटलेलं होतं. फटीतून तिनं पाहिलं. शांतम्मा पाटावर बसल्या होत्या, डाव्या तळव्यावर इष्टलिंग. उजवा हात थरथरत होता. तोंड तापानं लालबुंद. आणि उदबत्तीच्या वासाखालून आणखी एक वास येत होता, नासलेला, गोडसर.

त्यांनी मान वर केली. कपाळावर विभूतीच्या रेघा होत्या. वरची रेघ होती, खालची होती. मधली नव्हती.

गौरम्मा दाराची कडी धरून उभी राहिली. विभूती तीन बोटांनी ओढतात. तर्जनी, मधलं, अनामिका. पन्नास वर्षं या बाईनं सकाळ-संध्याकाळ तीन रेघा ओढल्या असतील. डाव्या हातात लिंग, म्हणून डावा हात लावायचा नाही. मधलं बोट टेकवत नसेल तर दोनच रेघा उमटणार. परवा विस्कटलेल्या वाटल्या त्या विस्कटलेल्या नव्हत्याच.

आणि मंगळवारी बाजार होता. चूल पेटली नव्हती. कडक भाकरी, शेंगाची चटणी.

मग विळीवर कोण काय चिरत होतं?

५

तिनं आत जाऊन दार लावून घेतलं.

"अत्ती, बोट दाखवा."

"पूजेत बोलू नये."

"विळीवर कापतं ते बोटाच्या पोटाला कापतं, पाठीला नाही. शिवाय त्या दिवशी भाजीच नव्हती." ती पाटाजवळ गेली. "मी तीन दिवस पुरुषांचे हात बघत फिरले. भाऊजींवर संशय घेतला, येडूवर घेतला. मारलेलं पुरुषानंच असणार असं धरून चालले. तुमचा हात पदरात होता आणि मी तो पदरातच राहू दिला."

शांतम्मांनी लिंग कपाळाला लावलं, करडगीच्या डबीत ठेवलं, गळ्यात घातलं. मग उजवा हात पुढं केला.

पट्टी सोडल्यावर गौरम्माला क्षणभर डोळे मिटावे लागले. मधल्या बोटाच्या मुळाचं पेर लिंबाएवढं सुजलं होतं. वर राखेचा घट्ट थर, खाली पू. मनगटापर्यंत एक लाल रेघ चढली होती.

"वासरानं शिंग मारावं एवढंच लागलं होतं," त्या पुटपुटल्या. "किल्ल्यांचा जुडगा मुठीत होता. उलटा हात गेला."

"का, अत्ती?"

"तू ऐकू नकोस."

"मला ऐकायला लागेल."

म्हाताऱ्या डोळ्यांत पाणी तरळलं. "मी मागच्या दारी गेले. ती बेलाखाली नव्हती, पायरीवरच होती. बसू तिच्या अंगावर पीत होता. यव्वा, आपला बसू! मटण खाणारीच्या अंगावर! माझा हात मला विचारून गेला नाही. ती ओरडलीसुद्धा नाही. पोराचं डोकं तेवढं हातानं झाकलं. सांगितलं असतं तर गावात काय तोंड राहिलं असतं? आणि तिनंही सांगितलं नाही."

गौरम्मा जमिनीवर बसली. एकेक गोष्ट आपल्या जागी जाऊन बसत होती, आणि प्रत्येक गोष्ट तिलाच टोचत होती. चोळीची सुटलेली गाठ. बारा वाजता दुधासाठी ओरडणारी मांजरी, जिला दोन महिने शेळीचं दूध आयतं मिळत होतं. मायाक्काच्या छातीशी डोकं घुसळणारं पोर. साडेतेरा, चौदा, पंधरा, साडेसोळा. तागडीत दर मंगळवारी तिनं आपलं शहाणपण तोललं होतं, आणि ते दुसरीचंच दूध होतं.

तिनं दार उघडलं. बाहेर मायाक्का उभी होती. सगळं ऐकलेलं.

"शेळीचं दूध त्याला पचत न्हवतं बाई," ती हळू म्हणाली. "समदं ओकायचा. तुमी दर मंगळवारी वहीत लिवायचा, 'पोर लागलं अंगाला,' म्हनून हसायचा. त्या तोंडाकडं बगून सांगवलं न्हाय."

गौरम्माला तिच्यावर ओरडायचं होतं, तिच्या गळ्यात पडायचं होतं, कुठंतरी डोकं आपटायचं होतं. यातलं काहीही करायला वेळ नव्हता. लाल रेघ मनगटाला भिडलेली दिसत होती.

"मायाक्का, माडीवरचा काळा डबा आण. उकळून निववलेलं पाणी आण, घागरभर. साबण आण. येडू, दुकानात जा, भाऊजींना सांग टांगा बोलवा."

"डॉक्टर ब्याड," शांतम्मा म्हणाल्या. "गावभर होईल. तूच बांध घट्ट."

"घट्ट बांधून तर ही दशा झाली. ही जखम झाकायची नाही अत्ती, उघडी ठेवायची. जितकी झाकाल तितकी आत कुजेल."

राख निघेपर्यंत तिनं हात साबणानं धुतला, मग लाल औषधाच्या गुलाबी पाण्यात बुडवून धरायला लावला. घागर मायाक्कानं ओतली. सासूबाई कण्हत होत्या, आणि कण्हता कण्हता एकदा त्यांचं डोकं मायाक्काच्या खांद्याला टेकलं. त्यांनी ते काढून घेतलं नाही. गौरम्मानं वर सैल स्वच्छ फडकं टाकलं, हात उंच राहील अशी झोळी गळ्यात बांधली.

टांगा दाराशी आला, तेव्हा शांतम्मांनी सुनेचं मनगट धरलं. "डॉक्टरला विळीच सांग हं."

६

धोंडप्पा डॉक्टरांनी चष्मा वर केला. "काय लागलं, आवा?"

शांतम्मांनी झोळीतला हात पुढं केला. गौरम्मा एक पाऊल मागं सरली. हे तिनं सांगून चालणार नव्हतं. दवाखान्यात चार माणसं बसलेली, त्यांत दोन ओळखीची.

"विळीबिळी लागली असेल तर साफ करून दोन टाके घालतो, आठ दिवसांत मोकळ्या व्हाल," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी सुईकडं हात नेला.

गौरम्मानं सासूबाईंकडं पाहिलं. टाके घातले तर आतली घाण आत राहणार. हात जाणार, साखरेच्या दुखण्यात बाईही जाणार. तिनं तोंड उघडलं, पण त्याआधी शांतम्मा बोलल्या. चार माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात.

"विळी नव्हं. माणसाचा दात. मी एका बाईच्या तोंडावर मारलं. तिची काही चूक नव्हती."

डॉक्टरांनी सुई खाली ठेवली. मग बराच वेळ चिमट्यांचा आवाज येत राहिला. शेवटी त्यांनी चिनीमातीच्या बशीत काहीतरी टाकलं. टक्क वाजलं. पांढरा, तिरपा, तांदळाच्या दाण्याएवढा दाताचा तुकडा.

पायरीवर, फरशीवर, सारवलेल्या मातीत गौरम्मा जो शोधत होती, तो चार दिवस इथं होता.

"आज आणला नसता तर उद्या कोपरापासून हात काढायची वेळ होती," डॉक्टर म्हणाले. "बोट वाचेल. वाकणार नाही मात्र. आधी धुतलं कुणी?"

"आमच्या डॉक्टरीणबाईनं," शांतम्मा म्हणाल्या.

मायाक्का त्या दिवशी गेली नाही. येडू एकटाच गेला, आणि पुढच्या मंगळवारी बाजाराला आला तो घोंगडीत गुंडाळलेली बाळाबाई घेऊन. पोर रोड होती, डोळे तेवढे मोठे. गौरम्मानं तिलाही तागडीत घातलं. वहीतल्या दोन महिन्यांच्या नोंदींतलं 'शेळीचं' तिनं ओळीनं खोडलं आणि प्रत्येक ठिकाणी 'मायाक्काचं' लिहिलं. एरवी तिच्या वहीत खाडाखोड नसायची.

ती परसात आली, तेव्हा मायाक्का बेलाखाली टेकली होती आणि दोन्ही पोरं दोन बाजूंनी तिच्या पदराला लोंबत होती. पायरीवर शांतम्मा बसलेल्या. हात गळ्यातल्या झोळीत. कपाळावर तीन रेघा होत्या, तीनही ओबडधोबड. आज पहिल्यांदा त्या गौरम्मानं ओढून दिल्या होत्या.

मांजरी मध्ये येऊन ओरडू लागली. मायाक्कानं बसूला जवळ ओढलं, मग अडखळून थोरल्या बाईंकडं पाहिलं.

शांतम्मा दुसरीकडंच बघत होत्या.

"आधी तुझ्या पोरीला पाज," त्या म्हणाल्या. "मग आमच्या."